कर्मवीर भाऊराव पाटील : गरीब विद्यार्थ्याचा निवारा आणि त्याचे काम

परगावी शिकावयास निघालेल्या मुलाच्या बापास कॉलेजच्या फीची चिंता असते हे खरे. परंतु मुलगा राहणार कोठे आणि जेवणार काय, ही चिंता त्याहून मोठी असते. आपल्या ज्ञातिमंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला आहे. बारावीचा निकाल लागला की पुणे, कोल्हापूर, सातारा, कऱ्हाड अशा गावी खोली शोधण्याची धावपळ सुरू होते. मालकास द्यावयाची अनामत, मध्यस्थाची दलाली, एका खोलीत चौघांची पथारी, मेसचा डबा, हे सर्व जमवितांना फीचा आकडा मागे पडतो. मग मुलगा संध्याकाळचे काम शोधू लागतो. कोणी दुकानात हिशेब लिहितो, कोणी खालच्या वर्गाच्या मुलांस शिकवितो, कोणी सायकल किंवा मोटारसायकलवरून घरोघर डबे व पार्सले पोचवितो. ज्यास निवारा व काम या दोन्ही गोष्टी साधतात तो टिकतो. ज्यास साधत नाहीत तो दिवाळीच्या सुट्टीस घरी येतो व पुन्हा जात नाही.

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी चिटणीसांनी आमच्याकडे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र मागितले, तेव्हा दुसरे कोणतेही नाव आमच्या मनात आले नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे गेलो नाही. शिक्षकीत उभा जन्म गेला, आणि त्या काळात कितीतरी हुशार मुले केवळ राहण्याखाण्याची सोय न लागल्यामुळे औताकडे परतलेली पाहिली. म्हणून ज्याने हा एकच प्रश्न हाती धरून त्यासाठी संसार उधळला, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र येथे यथामति सांगत आहो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी जैन कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा व आईचे नाव गंगाबाई. घराणे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचेही गाव बदलत गेले. अभ्यासात हा मुलगा फारसा चमकला नाही. मात्र अंगात ताकद व मनात अन्यायाची चीड उपजतच होती. अस्पृश्यांस पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने एका विहिरीचा रहाटच मोडून आत टाकला, अशी हकीकत त्यांच्या लहानपणाविषयी सांगतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी शिक्षणासाठी त्यांस कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घालण्यात आले. त्या वेळच्या कोल्हापुराविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आजच्या आपल्या ज्ञातिमंडळांच्या वसतिगृहांचे मूळ तेथे आहे. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास वार लावून जेवण्याची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरली की आठवडा निघे. ज्यास वार मिळत नसत तो माधुकरी मागे. ही सोय कष्टाची व कधीकधी मानहानीचीही होती, तरी तिच्या जोरावर कित्येक मोठे पुरुष पदवीधर झाले. परंतु कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलास शहरात कोण वार देणार? त्यास भाड्याने खोली देणारा मालकही मिळत नसे. राजर्षी शाहू छत्रपतींनी ही अडचण ओळखली. प्रथम त्यांनी राजाराम कॉलेजास जोडून सर्वांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले; पण त्याचा लाभ बहुतांशी एकाच वर्गास झाला. तेव्हा महाराजांनी वेगळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली. दरबाराने जागा व मदत द्यावी, समाजाच्या पुढाऱ्यांनी कारभार पाहावा, असा हा क्रम होता. ज्ञातींच्या अभिमानास त्यांनी मुलांच्या जेवणाच्या कामी जुंपले. आमच्या मते ही राजनीती मोठ्या चातुर्याची होती. आपल्यासारख्या मंडळांचा जन्म याच वाटेने झाला हे सभासदांनी ध्यानात ठेवावे.

भाऊराव जैन बोर्डिंगात राहत होते. अशातच महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव आवडीने गेले व परत येऊन आपल्या पंक्तीस बसू लागले. व्यवस्थापकांनी स्नान करून मगच जेवावयास बसावे असे बजाविले. भाऊरावांनी साफ नकार दिला. परिणामी त्यांस ते वसतिगृह सोडावे लागले. शिकणाऱ्या मुलास परक्या गावी भर सत्रात डोक्यावरचे छप्पर गेले तर काय होते, ते त्यांनी अशा रीतीने स्वतः भोगले. शाहू महाराजांनी त्यांस राजवाड्यात आसरा दिला, म्हणून निभावले.

येथे एक गोष्ट बोलून दाखविणे आम्हांस प्राप्त आहे. ज्ञातीचे वसतिगृह हे ज्ञातीच्या पैशाने चालते व आधी आपल्या मुलांची सोय पाहावी, हे म्हणणे सर्वस्वी गैर आहे असे आम्ही मानीत नाही. आपल्या मंडळातही परज्ञातीच्या मुलास खोली द्यावी की न द्यावी यावर दर दोनचार वर्षांनी वाद होतो, आणि दोन्ही बाजूंस सद्हेतूने बोलणारी माणसे असतात. परंतु ज्या वसतिगृहाने नियमाच्या अभिमानापायी एक मुलगा घालविला, तो मुलगा कोण निघाला हे या चरित्रावरून दिसून येईल. खोल्या रिकाम्या असतांना दाराशी आलेला गरजू विद्यार्थी केवळ आडनाव पाहून परत पाठवावा, हे आमच्या मनास पटत नाही. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा एवढीच विनंती. असो.

भाऊराव इंग्रजी सहावीपर्यंत पोचले. मॅट्रिक काही झाले नाहीत. घरी परतल्यावर रिकामा बसून खाणारा मुलगा म्हणून वडिलांची नाराजी ओढवली, तेव्हा ते साताऱ्यास निघून गेले आणि तेथे त्यांनी शिकवण्या धरल्या. स्वतः परीक्षा न दिलेला हा तरुण दुसऱ्यांच्या मुलांस मात्र उत्तम शिकवू लागला व गावात पाटील मास्तर या नावाने ओळखला जाऊ लागला. आमच्यासारख्या शिक्षकास या हकिकतीचे फार कौतुक वाटते. शिकवणी हा त्या काळी गरीब विद्यार्थ्याचा व बेकार सुशिक्षिताचा पहिला आधार होता. त्यास भांडवल लागत नाही, सकाळ-संध्याकाळचे दोन तास लागतात, आणि ज्या घरी शिकवावयाचे त्या घरी ओळख होऊन पुढची कामे मिळतात. भाऊरावांस साताऱ्यातील माणसे जोडण्यास हा धंदा फार उपयोगी पडला असावा असे आम्हांस वाटते.

१९१० च्या सुमारास त्यांनी आपल्या मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात पुढाकार घेतला. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे व गावाने घरोघरून मूठमूठ धान्य द्यावे, अशी ती योजना होती. पुढे जे त्यांनी सबंध जिल्ह्यात केले त्याची ही पहिली वाफ होय.

यानंतरची काही वर्षे आम्ही भरभर सांगतो. १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण घडले. त्यात जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले, तुरुंगात छळ झाला, जीव देण्यापर्यंत पाळी आली. पण त्यांनी साक्ष दिली नाही. ज्या समाजाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, त्याच समाजाच्या पुढाऱ्यासाठी हे सोसले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नंतर त्यांनी ओगल्यांचे प्रभाकर कंदील विकले, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रचार करीत खेडोपाडी फिरले, आणि साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. तेथे मतभेद झाल्यावर ती वाट सुटली. विक्रेता म्हणून केलेली ही पायपीट वाया गेली नाही. कोणत्या गावात कोणता पाटील उदार आहे, कोणाच्या घरी ज्वारीचे पेव आहे, कोणाचा मुलगा हुशार असून गुरे राखतो आहे, हे त्यांस तोंडपाठ झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व तेथे वसतिगृह सुरू केले. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे बोर्डिंग उघडले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशी मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीस खातात, हे पाहून गांधीजींस विशेष संतोष झाला.

आता हे बोर्डिंग चालत असे कसे ते सांगतो, कारण आजच्या पालकांस त्यातच अधिक गोडी वाटेल. मुलास प्रवेश देतांना बापाच्या ऐपतीची चौकशी होई. ज्यास जे शक्य असेल ते त्याने द्यावे. रोख नसेल तर धान्य, धान्यही नसेल तर मुलाने काम करावे, अशी रीत होती. स्वयंपाकास, पाणी भरण्यास, झाडलोटीस वेगळा नोकरवर्ग ठेवण्याची ऐपत नव्हती. मुले पाळीपाळीने दळण, पाणी, भाकरी, भांडी, गुरांचे शेणकूर ही सर्व कामे करीत. सकाळी शाळेपूर्वी व संध्याकाळी शाळेनंतर बागेत व शेतात राबत. साताऱ्याची धनिणीची बाग संस्थेस मिळाल्यावर तेथे भाजीपाला निघू लागला व राहण्याचीही सोय झाली. सुगीच्या दिवसांत भाऊराव स्वतः गावोगाव फिरून धान्य गोळा करीत. अंगावर खादी, खांद्यावर घोंगडे, भरघोस दाढी, पायांत वहाण नाही, अशी त्यांची मूर्ती खळ्यावर उभी राहिली म्हणजे कुणबी सूप भरून ओतीत असे.

यात शिक्षणाचा खर्च कमी होतो एवढाच लाभ नव्हता. शेतकऱ्याच्या घरी दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे एक कामाचा हात. तो शाळेत गेला की घरचे एक माणूस कमी होते आणि वर त्यास पोसावे लागते, असा दुहेरी तोटा बापास होई. बोर्डिंगात तो मुलगा आपल्याच कामावर आपले पोट भरू लागला, तेव्हा बापाचा निम्मा विरोध आपोआप नाहीसा झाला. शिवाय फुकट खाण्याची लाज मुलाच्या मनात राहिली नाही. ज्या मुलाने स्वतः थापलेली भाकरी खाल्ली, त्याला वसतिगृह धर्मादाय वाटत नसे. आम्ही काही वसतिगृहे पाहिली आहेत जेथे मुलांस सर्व आयते मिळे, आणि जेथे भांडी घासण्यापासून सर्व मुलेच करीत अशीही पाहिली आहेत. दोहोंतील मुलांच्या वागण्यात जो फरक दिसतो तो शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे पाप होईल. त्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. लग्नानंतर पतीने घरात आणलेली नाना जातींची पोरे त्यांस पहिल्याने जड गेली असल्यास नवल नाही. परंतु पुढे त्या या सर्व मुलांच्या आई झाल्या. आजाऱ्याचे पथ्य, लहानग्यांची आंघोळ, रात्री उशिरा आलेल्याची भाकरी, सर्व त्यांच्याकडे. बोर्डिंगात धान्य संपले की त्या अंगावरचा एकेक दागिना काढून देत. असे करता करता एके दिवशी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडावयास दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने छापण्याची प्रथा आहे. अशा यादीत या बाईचे नाव कोठे घालावे, हे आम्हांस सुचत नाही.

१९३२ साली पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. खेड्यातून पुण्यास शिकावयास येणाऱ्या स्पृश्य व अस्पृश्य मुलांनी एकत्र राहावे हा त्यामागील हेतू. पुण्यातील खोलीमालक जातीची चौकशी करून मग भाडे सांगत, अशा दिवसांत या बोर्डिंगाचे मोल केवढे असेल याची कल्पना करावी. १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे शिक्षण विनामूल्य, राहणे वसतिगृहात आणि खर्च श्रमातून, ही पद्धत माध्यमिक शिक्षणास प्रथमच लागू झाली. या सर्वांची वर्णने देत बसलो तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत.

परंतु १९४७ च्या कॉलेजाविषयी लिहिलेच पाहिजे. त्या वर्षीच्या जून महिन्यात साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तोपर्यंत सातारा जिल्ह्यातील मुलास मॅट्रिकपुढे शिकावयाचे तर पुणे, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागे, आणि तेथे खोली व खानावळ यांचा खर्च आला की बहुतेकांचे शिक्षण तेथेच थांबे. भाऊरावांनी कॉलेजच मुलांच्या दाराशी आणले, व त्यास वसतिगृह आणि श्रम यांची जोड दिली. कॉलेजात जाणारा तरुण, ज्याच्या गावी त्यास आता साहेब म्हणू लागतील, तो दिवसाचे काही तास कुदळ व पाटी घेऊन संस्थेच्या जमिनीवर काम करी, दगड फोडी, विटा वाही, झाडे लावी. त्या श्रमाचा मोबदला त्याच्या जेवणाखर्चात वळता होई. पुढे कमवा आणि शिका या नावाने जी योजना महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली, ती हीच. एका धनिकाने मोठी देणगी देऊ करून कॉलेजास दिलेले शिवछत्रपतींचे नाव बदलण्याची अट घातली असता भाऊरावांनी ती रक्कम नाकारली, असे सांगतात. पैशाची एवढी ओढ असतांना हे करणे सोपे नव्हते.

१९४८ साली संस्थेवर मोठे संकट आले. भाऊरावांच्या काही भाषणांवरून सरकारची मर्जी फिरली व अनुदान बंद झाले. शेकडो मुलांचे जेवण कसे चालवावे हा प्रश्न उभा राहिला. लोकांनी धान्य दिले, विद्यार्थ्यांनी अधिक काम केले, आणि गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापाशी रदबदली केली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाड येथे निघालेल्या कॉलेजास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देऊन भाऊरावांनी हे ऋण अंशतः फेडले. खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या साधूचे नाव एका महाविद्यालयास लागावे, हा योगही त्यांच्याच हातून घडला.

भाऊरावांचा स्वभाव सरळ सोपा नव्हता. ते तापट होते, एकदा धरलेली गोष्ट सोडीत नसत, आणि त्यांच्या अशा वागण्यामुळे काही सहकारी दुरावले. चरित्र लिहितांना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी मुलांपुढे हा माणूस मेणासारखा होई. आजारी पोरास खांद्यावर घेऊन मैलोगणती चालल्याच्या त्यांच्या हकिकती साताऱ्याकडील जुन्या घरांतून आम्ही ऐकल्या आहेत.

१९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण हा किताब दिला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषास डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्या वेळी त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यास ससून रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे संस्थेची ३८ वसतिगृहे होती. समाधी साताऱ्यास आहे.

त्यांची योजना त्यांच्याबरोबर संपली नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी कमवा आणि शिका योजना सुरू केली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातही ती भाऊरावांच्या नावाने चालते. विद्यार्थ्याने वाचनालयात, कचेरीत, प्रयोगशाळेत किंवा बागेत रोज ठरावीक तास काम करावे व तासांच्या हिशेबाने मोबदला घ्यावा, असे तिचे स्वरूप आहे. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पुष्कळ महाविद्यालयांतही ती आहे. सत्र सुरू होताच महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास विभागात अर्ज करावा लागतो, आणि जागा मर्यादित असतात. आपल्या सभासदांपैकी ज्यांची मुले यंदा बाहेरगावी जात आहेत त्यांनी खोली पाहावयास जातील त्याच दिवशी ही चौकशीही करून यावी. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित होताच द्यावा. निकालाच्या गडबडीत तो राहून जातो, आणि मग बाहेरच्या खोलीवाचून गत्यंतर उरत नाही. आपल्या मंडळाच्या वसतिगृहाचे प्रवेशपत्रक याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दिले आहे.